बाईंची कंपनी

पालघरला आमच्या शेजारी ज्या बाई राहायच्या, त्या इंग्रजी शिकवायच्या, पण एका वेळी एकच शब्द. आणि तोही नाम. क्रियापदांची त्यांना काळजी नसे. माणसाला घाई लागली की क्रियापद कसंही सापडतं, म्हणायच्या; नामाला मात्र घरी बोलवावं लागतं, पाट मांडावा लागतो, त्याचा स्वभाव कळेपर्यंत ठेवून घ्यावं लागतं. एखादा शब्द दोन-चार दिवसांत उठून जायचा, एखादा महिना महिना मुक्काम ठोकायचा. शाळेत असं चालत नसे. तिथे वर्षात पुस्तक संपवावं लागे. म्हणून शाळेत त्या मुकाट्याने पुस्तक संपवायच्या, आणि घरी आल्यावर समोर जो कोणी बसेल त्याला आपल्या पद्धतीने शिकवायच्या.

एके काळी समोर बसणारा तो माणूस म्हणजे माझा नवरा होता, आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर आणि सासर दोन्ही कराडच्या बाजूचं. ह्यांना तारापूरला काम लागलं. तिथे अणूपासून वीज करायचा कारखाना उभा राहत होता, समुद्रकाठी मोठमोठे खड्डे खणले जात होते, अमेरिकन साहेब येऊन राहिले होते. हे एका कंत्राटदार कंपनीत नकाशे काढायच्या कामावर होते. बोईसरला खोली मिळेना. मिळे तिच्यात आधीच पाच-सहा कामगार दाटीवाटीने राहत असत. म्हणून आम्ही पालघरला बिऱ्हाड केलं. हे सकाळच्या गाडीने बोईसरला जायचे, तिथून कंपनीच्या ट्रकने कामावर. परत यायला दिवेलागण व्हायची. दिवसभर मी एकटी. शेजारपाजारच्या बायकांचं बोलणं मला अर्धंच कळायचं, आणि माझं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं. सुक्या मासळीचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची, मग उकडायचं म्हणून उघडायची. दुपार अशी जायची.

आमची आणि बाईंची खोली एकाच ओळीत होती. मधली भिंत कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. वरून हातभर मोकळीच. त्यामुळे इकडची फोडणी तिकडे शिंकवायची आणि तिकडचं बोलणं इकडे यायचं. बाई मूळच्या माहीमच्या, केळव्याजवळच्या. भावाचं घर, पानवेलींची वाडी सगळं तिथे होतं, पण त्या पालघरला एकट्याच राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का, याच्या गावात दोन-तीन कहाण्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. उंच, काटकुळ्या, वरचे दोन दात किंचित पुढे. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. वेळ बघायची झाली की तळहात आपल्याकडे वळवून बघायच्या, स्वतःचं भविष्य वाचल्यासारख्या. बारा महिने हातात छत्री. ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. तिच्या टोकाने त्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दाखवायच्या. कोणी चुकीचं इंग्रजी बोललं की डोळे मिटून घ्यायच्या, दाढ दुखल्यासारखे, आणि वाक्य दुरुस्त होईपर्यंत उघडायच्या नाहीत. हेडमास्तरांसमोरही हेच. त्यामुळे हेडमास्तर त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले होते, असं ऐकलं होतं.

अशा बाईंकडे हे पहिल्यांदा कसे गेले ते सांगते.

कामावरचा एक अमेरिकन साहेब ह्यांचे नकाशे तपासायचा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले आणि ऑफिसात दोघंच उरले. साहेब डबा काढता काढता ह्यांना म्हणाला, "कीप मी कंपनी." ह्यांना कीप म्हणजे सांभाळणं एवढं ठाऊक. कंपनी म्हणजे अर्थात कंपनी, जिथे पगार मिळतो ती. मी जेवतो तोवर तू ऑफिस सांभाळ, असा अर्थ लावून हे उठले आणि दारात जाऊन उभे राहिले, साहेबाकडे पाठ करून. साहेबाने दोनदा हाक मारली. ह्यांनी दोन्ही वेळा "येस सर" म्हणून आणखी ताठ उभं राहून दाखवलं. साहेब बिचारा एकटाच जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने हेडक्लार्कला विचारलं म्हणे, की हा मुलगा माझ्यावर रागावलाय का. आणि हेडक्लार्कने ह्यांना सांगितलं की, बाबा, आता कुणाला कायम करायचं ते ठरणार आहे, आणि तुझ्याबद्दल साहेबाचं मत काही बरं दिसत नाही.

हे घरी येऊन मला ते सांगत होते. चहा तसाच होता. "मी काय चुकलो तेच मला कळत नाही," असं हे म्हणाले, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"अहो शेजारी, कंपनीचा तो अर्थ नाही. इकडे या."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग शर्ट घातला आणि गेले. चहा मी ओतून दिला.

त्या दिवसापासून बाईंनी 'कंपनी' हा शब्द घरी ठेवून घेतला. रोज हे कामावरून आले, हातपाय धुतले की तासभर तिकडे. मी इकडे भाकऱ्या थापायची आणि ऐकायची. इंग्रजी मला येत नव्हतं, मी मराठी सातवी. पण बाई बरंचसं मराठीतच बोलायच्या.

"कंपनीच्या आधी अ लावला की पगार," बाई सांगायच्या. "अ कंपनी. तुम्ही जाता ती. आणि अ काढून टाकला की सोबत. साहेब जेवताना सोबत मागत होता. सोबतीला अ लागत नाही."

"का लागत नाही?"

"मोजता येत नाही म्हणून. पगाराच्या कंपन्या मोजता येतात, एक, दोन, तीन. सोबत मोजून दाखवा बरं."

कधी त्या शब्दाचं सगळं गणगोत मांडायच्या. आपल्यावर राज्य करून गेलं ते कंपनी सरकार, गावोगाव फिरायची ती नाटक कंपनी, पलटणीत असते ती कंपनी, आणि इंग्रजांच्या घरी पाहुणे आले तर तेही कंपनीच. "मोठ्या कुटुंबासारखं आहे," म्हणायच्या. "सगळे एका पंक्तीत बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत." एकदा म्हणाल्या की हा शब्द फार जुना, लॅटिनमधून आलाय, आणि मुळात त्याच्यात भाकरी आहे. एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी.

ते ऐकलं तेव्हा माझा हात पिठात होता. भाकरी मी करत होते, आणि तिचा अर्थ पलीकडे चालला होता. हे घरी येऊन माझ्यासमोर जेवायचे, पण जेवताना बोलायचे नाहीत. थकलेले असत. तिकडे मात्र हसायचे. ह्यांचं असं मोकळं हसू मी लग्नानंतर तोवर ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिकडे आणखी कोणीतरी आलंय.

बाईंना बघून कोणाच्या मनात काही भलतंसलतं आलं नसतं. माझ्याही आलं नाही. तेच जास्त त्रासाचं होतं. तसं काही असतं तर मला माहेरी लिहिता आलं असतं, शेजारणीपाशी रडता आलं असतं. पण नवरा एका पुढे दात असलेल्या मास्तरणीपाशी बसून एक शब्द शिकतो आणि हसतो, ही तक्रार मी कुणाकडे करणार? मी तिखटजाळ रस्सा करून बघितला, वासाने तरी लवकर येतील म्हणून. पलीकडून बाईंचीच शिंक आली आणि हे हसले. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. हे येऊन कपाळावर हात ठेवून गेले, आणि परत येताना बाईंकडून बाम घेऊन आले. तो बाम मी लावला नाही.

सातपाटीहून एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. मी घ्यायची नाही, पण ती टोपली उतरवून घटकाभर बसायची. तिच्याशी मी बोलले. ती म्हणाली, "मास्तरनीकडं जातो तं जाऊ दे ना बाय. भिंतीपलीकडं तं हाय. माजा नवरा आठवडा आठवडा दर्यावर असतो. आमी काय दर्याचा हेवा करायचा?" मला जरा बरं वाटलं. टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि मग जाता जाता म्हणाली, "पन दर्या असा हसत नाय, ते बी खरं हाय."

बाईंच्या त्या शब्दापायी सबंध बाजाराला त्रास झाला. कापडबाजारात एक दुकान होतं, त्याच्या पाटीवर मालकाच्या नावापुढे 'अँड कंपनी' लिहिलेलं. मी दोरा घ्यायला गेले होते तेव्हा बाई तिथे छत्री घेऊन उभ्या. मालक वयस्कर, गादीवर एकटाच बसायचा.

"शेठ, पाटीवर तुम्ही आणि कंपनी आहात. तुम्ही दिसता. कंपनी कुठे आहे?"

"पाटी वडिलांनी लावली, बाई."

"वडिलांना असेल कंपनी. तुम्हाला आहे का?"

मला वाटलं आता शेठ चिडणार. पण तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "नाही." पुढच्या आठवड्यात त्याने वैतरण्याहून मेहुण्याला बोलावून घेतलं आणि गादीवर शेजारी बसवलं. दोघांचं पंख्यावरून भांडण झालं, वारा कुणाच्या बाजूला म्हणून, आणि मेहुणा परत गेला. बाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. कंपनी अशी पाटीवरून आणता येत नाही हे आपण त्याला आधीच सांगायला हवं होतं, असं म्हणत राहिल्या. मग काही दिवस शाळेतून येताना त्या त्याच्या दुकानात थोडा वेळ बसायच्या. काही विकत घ्यायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या.

एका संध्याकाळी मी भाकरी तव्यावर टाकत होते आणि पलीकडून बाईंचं वाक्य आलं. संथ, स्पष्ट, शाळेत फळ्यावर लिहितात तसं.

"यू आर गुड कंपनी."

यू म्हणजे तू हे मला माहीत होतं. गुड म्हणजे चांगला हेही. आणि कंपनीचं तर त्या महिन्यात मला सगळंच पाठ झालं होतं. माझ्या नवऱ्याला त्या सांगत होत्या की तुमची सोबत चांगली आहे. ते वाक्य मला म्हणता आलं नव्हतं, मराठीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेतून आल्या तशी मी त्यांच्या दारात गेले. त्या विळीवर बोंबील साफ करत होत्या.

"बाई, उद्यापासून हे येणार नाहीत."

बाईंनी मान वर केली नाही. "त्यांनी सांगितलंय?"

"नाही. मी सांगतेय."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी हातातला बोंबील पुरा साफ केला, पाण्यात टाकला. "बरं," म्हणाल्या. "मग तू ये."

"मला इंग्रजी शिकून काय करायचंय?"

"शिकायला कोण बोलावतंय. बसायला ये. दिवेलागणीला मला घर खायला उठतं. त्या वेळी कुणीतरी समोर लागतं. तू आलीस तरी चालेल."

तू आलीस तरी चालेल. मी भांडायची तयारी करून गेले होते, आणि महिनाभर ज्या जागेसाठी जळत होते ती मला अशी, उरलेल्या कालवणासारखी देऊन टाकली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्यांच्या घड्याळाकडे बघत राहावंसं वाटलं. माशांच्या पाण्यात भिजू नये म्हणून ते काढून खिडकीत ठेवलं होतं, आणि मनगटावर त्याच्या जागी पांढरा पट्टा दिसत होता.

संध्याकाळी हे नेहमीप्रमाणे गेले आणि दारातूनच परत आले. बाईंनी सांगितलं होतं, "तुमचा शब्द झाला. आता तो साहेबापाशी वापरा. इथे बसून काही व्हायचं नाही." ह्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. चेहरा उतरलेला. मी पदर नीट केला आणि निघाले.

"तू कुठे?"

"बाईंकडे. भाकरी झाकून ठेवलीये."

पहिले काही दिवस आम्ही नुसत्या बसलो. खिडकीखाली एक लोखंडी पेटी होती, तिच्यावर मी, समोर खुर्चीवर बाई. त्यांना गप्प बसता यायचं. मला यायचं नाही, म्हणून मीच बोलायला लागले. सासूबाई देवळात निघताना कशा वीस वेळा मागे फिरतात, ते करून दाखवलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. आपल्याला माणसं हसवता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी कराडची माणसं एकेक करून त्यांच्या खोलीत आणायला लागले. त्यांनी मला बोंबील साफ करायला शिकवलं. खायलाही शिकवलं. शब्द अध्येमध्ये यायचे, मी मागितले तर. मला 'कंपनी'च पाहिजे होता, दुसरा नको होता. तो त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवला, आणि तो शिकवताना ह्यांचं एकदाही नाव काढलं नाही.

भिंतीच्या अलीकडे आता हे एकटे बसलेले असायचे. मी घरी आले की विचारायचे, "काय हसत होतात?"

"काही नाही."

"बाई माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

"नाही."

ते खरंच होतं. पण खरं बोलताना इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

ह्यांनी शब्द वापरला मात्र. एके दिवशी डबा घेऊन साहेबाच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मे आय कीप यू कंपनी?" साहेबाने खुर्ची पुढे ओढली. माझ्या हातचा ठेचा त्याने पावाला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. पुढे हे रोज त्याच्याबरोबर जेवायला लागले. वर्षाअखेरीला ह्यांना कायम केलं. आम्ही दोघं पेढे घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी पेढा घेतला आणि ह्यांना म्हणाल्या, "अ वापरलात का?" हे म्हणाले, "नाही." "मग ठीक," म्हणाल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण साहेब एकदा जेवताना ह्यांना म्हणाला, की माझी बायको दिवसभर बंगल्यात एकटी असते, तिला कंपनी पाहिजे. ह्यांना आता अर्थ पक्का ठाऊक. ह्यांनी बाईंचं नाव सुचवलं. मला हे सगळं ह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि ताटात भाजी वाढली. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. ह्यांनी ती निमूट खाल्ली.

बाई नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या कुणाच्या घरी जायच्या नाहीत. पण शनिवारी दुपारी जीप आली आणि बाई छत्री घेऊन आधीच ओट्यावर उभ्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "अगं, मी आयुष्यभर हे शब्द पुस्तकातून ऐकले. जिच्या घरचे आहेत तिच्या तोंडून कधी ऐकलेच नाहीत." आणि जीपमध्ये पुढे बसून गेल्या. जत्रेला निघालेल्या लहान मुलीसारख्या दिसत होत्या.

मग दर शनिवारी जीप यायला लागली. पुढे रविवारीसुद्धा. त्या संध्याकाळी बाईंच्या दाराला कुलूप, आणि मी आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. सोमवारी बाई सांगायच्या, मॅडम अमुक म्हणाल्या, मॅडम तमुक म्हणाल्या. मॅडमच्या गावी गव्हाची शेतं आहेत. मॅडम हसताना मान मागे टाकतात. मी माझ्या सासूबाईंची देवळाला निघायची गंमत केली होती ना, ती बाईंनी मॅडमना करून दाखवली होती, आणि मॅडम फार हसल्या होत्या. सासूबाई माझ्या होत्या. त्या बाईंसाठी आणल्या होत्या. त्यांना परस्पर तारापूरला नेण्याचं काय कारण होतं?

नवऱ्यावरून जळत होते तेव्हा निदान तो माझा नवरा होता. इथे मी कोण? बाईंची ना मुलगी, ना भाची, ना विद्यार्थिनी. जीप आली की मी दाराच्या फटीतून बघायची आणि ड्रायव्हरचा राग करायची, त्याचा काही दोष नसताना. ह्यांना ते कळलं असावं. एकदा म्हणाले, "तू जीपकडे अशी काय बघतेस?" मी म्हटलं, "धूळ किती उडवतो तो."

आणि मग ती मॅडमच पालघरला आली. बाईंचं घर बघायला. उंच, उन्हाने लालबुंद झालेली, केस आखूड, पायात वहाणा. दारात वाकून आत आली आणि सरळ जाऊन खिडकीखालच्या पेटीवर बसली. माझ्या जागेवर. बाईंनी मला हाक मारली होती, म्हणून मी पोहे करून घेऊन गेले. पोहे दिले आणि बसायला जागा नाही म्हणून भिंतीशी उभी राहिले. त्या दोघी इंग्रजीत बोलत होत्या. बाई इंग्रजीत वेगळ्याच बोलायच्या, भरभर, हात हलवत. मला वाटलं, ह्या बाईंना मी ओळखत नाही.

मॅडमने माझ्याकडे बघितलं. स्वभावाने चांगली असणार, मला एकटं उभं बघून तिला वाईट वाटलं. हळू, सुटं सुटं करून तिने विचारलं, "आर यू हर डॉटर?"

मला कळलं. डॉटर हा शब्द कळला. मी म्हटलं, "नो." मग दोघींनी वाट बघितली, आणि मी माझ्याकडचं एकुलतं एक इंग्रजी काढलं.

"बाई इज अ कंपनी. माय."

मॅडम गोंधळली. मग हसून तिने काहीतरी विचारलं. त्यातला कंपनी तेवढा कळला. बाकीचं बाईंनी मला नंतर समजावलं: तुमची ही कंपनी काय बनवते, असं तिने थट्टेत विचारलं होतं. अ लावायचा नव्हता. सोबतीला अ लागत नाही, हे मी भिंतीच्या दोन्ही बाजूंना बसून शिकले होते, आणि नेमक्या तिच्यासमोर अ लावला. आता बाई डोळे मिटतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

बाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि मॅडमकडे वळून इंग्रजीत काही सांगितलं. मोठं नव्हतं, दोन-तीन वाक्यं. मॅडमचं हसू गेलं. ती उठली. पेटीवरून उठून खाली चटईवर बसली, आणि हाताने मला पेटी दाखवली.

मी बसले. त्या नंतर काय बोलल्या ते मला आठवत नाही.

जीप गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"तू बरोबर बोललीस, असं सांगितलं."

"पण अ लागत नाही ना?"

बाई पोह्यांच्या बशा गोळा करत होत्या. "तुला लागला," एवढंच म्हणाल्या.

कारखान्याचं काम आटोपत आलं तसे साहेब लोक आपापल्या देशाला गेले. मॅडम जाताना बाईंना एक गरम कोट देऊन गेली, पालघरच्या हवेत ज्याचा काही उपयोग नव्हता. ह्यांना कारखान्यातच ठेवून घेतलं आणि आम्हाला बोईसरला कॉलनीत क्वार्टर मिळालं. मी बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बोईसर काही लांब नाही." स्टेशनवर आल्या नाहीत. शाळा होती.

कॉलनीत नळाला पाणी होतं, भिंती वरपर्यंत होत्या. पलीकडच्या घरातलं काही ऐकू यायचं नाही. ह्यांची पाळी दुपारची असली की संध्याकाळी मी एकटी. दिवे लागले की घर खायला उठणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. शेजारणी होत्या, विदर्भातली, नगरची, एक कानडी. मी त्यांच्याकडे जाऊन बसायची, त्या माझ्याकडे. ठीक होतं.

आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत बरेच महिने गेले. मग एका शनिवारी मी उठून पालघरला गेले. बाई घरी होत्या. जरा वाळल्या होत्या. आमच्या जुन्या खोलीत जळगावकडचं एक जोडपं आलं होतं, मुलगा रेल्वेत, बायको अठरा-एकोणीसची. ती बाईंच्या खोलीत खिडकीखाली बसून वाल सोलत होती. बाईंनी तिच्यासाठी 'लाइट' हा शब्द घेतला होता, आणि तो बरेच दिवस मुक्काम करणार असं दिसत होतं.

"ये," बाई म्हणाल्या. आणि त्या मुलीला म्हणाल्या, "ही माझी आधीची."

आधीची. मी चटईवर बसले. हसून त्या मुलीला विचारलं, कुठली, करमतं का, मासे खातेस का. तिने सगळ्याची नीट उत्तरं दिली. बाईंनी मग मला सासूबाईंबद्दल विचारलं, ह्यांच्याबद्दल विचारलं. मी कॉलनीतल्या बायकांच्या नकला केल्या. कानडी शेजारीण भाजीवाल्याशी कशी भांडते ते करून दाखवलं आणि बाईंनी चष्मा काढला. मुलगी हसली नाही. तिचा वाल सोलायचा हात थांबला होता. ती एकदा बाईंकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"ताई," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात, "तुम्ही कितीच्या गाडीने परत जाणार?"

बाईंना तो प्रश्न साधाच वाटला असेल. मला नाही वाटला. त्या मुलीचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, पण तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं. बोईसरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ होत्या, एक थोड्याच वेळात होती.

"बघू," मी म्हटलं, आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसले.